मंगळावर चालतं, मग डोंबिवलीत का नाही?

माझा जुना लॅपटॉप विंडोज ११च्या परीक्षेत नापास झाला. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार, ही वर्दी पडद्यावर केव्हापासून येत होती. पुढे जायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी, शिवाय प्रोसेसर मान्य यादीतला हवा. आमच्याकडे दोन्हींच्या नावाने पूज्य. अशा वेळी शहाणा माणूस मुकाट्याने नवा लॅपटॉप घेतो किंवा जुनाच दामटत राहतो. मी तत्त्वाचा माणूस असल्यामुळे यांपैकी काहीच केलं नाही. एका रविवारी, घरातली मंडळी लग्नाला गेलेली असताना, मी त्यावर लिनक्स मिंट टाकलं.

आणि ते चाललं. अर्ध्या तासात वायफाय, आवाज, कॅमेरा, सगळं आपापल्या जागी. ज्याची सीडी हरवल्यापासून ज्याच्यावर आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवत होतो, तो प्रिंटरसुद्धा जिवंत झाला. पुढे जे काही झालं त्याचं खापर मी या रविवारावर फोडतो. पहिल्याच खेपेला एखादी गोष्ट जमली की ती आपल्याला येते असं वाटू लागतं, आणि येते असं वाटलं की दुसऱ्याला शिकवाविशी वाटते.

मी सकाळच्या लोकलमध्ये शिकवायला सुरुवात केली. १९९१च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या एका एकवीस वर्षांच्या पोराने, लिनस टोरवाल्ड्सने, आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय असं जाहीर केलं. त्याच वर्षी आपल्या पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, पण मी त्या अशा काही जोडून सांगायचो की टोरवाल्ड्स शिवाजीनगरला उतरला असावा असं ऐकणाऱ्याला वाटावं. मग जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांचा नंबर लागे. २०१७च्या नोव्हेंबरपासून ते एकूण एक लिनक्सवर चालतात. मग तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल, म्हणजे गाभा, आहे, हे. आणि शेवटी हुकमाचं पान: २०२१ साली नासाने मंगळावर जे छोटं हेलिकॉप्टर उडवलं, इंजेन्युइटी, तेही लिनक्सवरच उडालं. एकदा नाही, २०२४च्या जानेवारीपर्यंत ७२ वेळा.

‘मंगळावर चालतं, मग डोंबिवलीत का नाही?’ असं मी हात पसरून विचारायचो. म्हणजे मनातल्या मनात पसरून. ठाण्यानंतर हात पसरायला जागा कुठली? कुणालाच हलता येत नसल्यामुळे सगळे ऐकत असत. मी त्याला प्रतिसाद समजत होतो.

अशा कीर्तीच्या शिखरावर असताना लॅपटॉपची बिजागरी तुटली. पडदा उघडताना कड्‌ असा आवाज झाला आणि आतली केबलही गेली. दुरुस्तीवाल्याने पार्ट मिळत नाही, मिळाला तरी टिकत नाही, टिकला तरी परवडत नाही, असं चढत्या क्रमाने सांगितलं. नवा लॅपटॉप घेणं आलं. आणि तो लिनक्सवरच चालवणं आलं, कारण आता माघार घ्यायची तर आधी लोकल बदलावी लागली असती.

मी अभ्यासाला लागलो. अभ्यास चांगला झाला, यावर मी आजही ठाम आहे. लिनक्स घालूनच लॅपटॉप विकणाऱ्या कंपन्या आहेत: अमेरिकेत डेन्व्हरची सिस्टम७६, जर्मनीतली टक्सेडो. डेलने २०१२ साली आपल्या एक्सपीएस १३ची खास उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार, घातलेली आवृत्ती काढली होती. उबंटूवाले स्वतः तपासून पास केलेल्या लॅपटॉपांची यादी ठेवतात. ही यादी मी वरपासून खालपर्यंत वाचली आणि बाजूला ठेवली, कारण तिच्यातली बरीचशी मॉडेलं आधीच्या सालातली. तपासायला वेळ लागतो, म्हणून यादी नेहमी बाजाराच्या मागे असते, हे सरळ गणित आहे. पण माझ्या डोक्यात वेगळंच गणित होतं: पैसे ताजे मोजायचे आणि लॅपटॉप शिळा घ्यायचा? मला यंदाचा हवा होता. पातळ, हलका, रुपेरी, आणि बोट टेकवल्यावर उघडणारा. त्याचा तत्त्वाशी संबंध काय, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, तत्त्व आतून असतं.

खरेदीला लॅमिंग्टन रोड. पाटीवर या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर ते नाव घेऊन पत्ता विचाराल तर तुम्हाला दवाखान्याचा रस्ता दाखवतील. जाताना मी शर्टाच्या खिशात एक पेनड्राइव्ह घेतला होता. लिनक्सची ही एक मोठी सोय आहे. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला की डिस्कला हातही न लावता सगळी सिस्टिम पेनड्राइव्हवरूनच चालते; वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, पाच मिनिटांत उभ्या उभ्या कळतं. पेनड्राइव्हवर उबंटू २४.०४ होतं. ते मी २०२४च्या एप्रिलमध्ये, निघालं त्याच आठवड्यात, उतरवून ठेवलं होतं. ताजेपणाची आवड मला सगळीकडेच आहे.

‘साहेब, बजेट बोला,’ दुकानदार म्हणाला.

मी बजेट न बोलता भूमिका बोललो. मला विंडोज नको. मला लिनक्स चालवायचंय. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ‘यात सगळं चालतं साहेब.’

‘वायफायची चिप कोणती आहे?’ माझा हा प्रश्न नेमका होता. सगळ्या अभ्यासाचं सार त्यात होतं.

‘वायफाय एकदम फास्ट आहे.’

असं ठाम उत्तर मिळाल्यावर आणखी काय विचारणार? तेवढ्यात माझी नजर खोक्यावरच्या चिकटपट्टीवर गेली. फ्रीडॉस! तेच मॉडेल, विंडोज नसलेलं, काही हजारांनी स्वस्त. मला गहिवरून आलं. फ्रीडॉस हेही मुक्त सॉफ्टवेअरच; मायक्रोसॉफ्ट आता एमएस-डॉस मोडीत काढणार असं दिसल्यावर जिम हॉल नावाच्या विद्यार्थ्याने १९९४ साली ते सुरू केलं. ज्या कंपनीने खोक्यात फ्रीडॉस घातलं ती आपल्या विचारांची, असा मी अर्थ काढला. कंपनीचा विचार एवढाच होता की विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचवावेत आणि पुढचं गिऱ्हाइकाने बघून घ्यावं. आपल्याकडे गिऱ्हाईक ते कसं बघून घेतं, हेही दुकानदाराने मला तिथेच सुचवलं. ‘विंडोज मी टाकून देतो ना साहेब, ऑफिस पण देतो. दोनशे रुपये.’ मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने घाईघाईने चहा मागवला.

या चहाने घात केला. मसाल्याचा, आलं घातलेला, काचेच्या ग्लासातला. खिशातला पेनड्राइव्ह काढायला हात गेला तेव्हा ओठाला त्याचा चहा लागलेला होता. ज्याचा चहा प्यालो त्याच्याच मालाची त्याच्यासमोर झडती घ्यायची? आमच्या घराण्यात हे झालेलं नाही. मी कार्ड पुढे केलं.

घरी आल्यावर नव्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, पेढा ठेवला आणि सगळ्यांसमोर बटण दाबलं. काळाकुट्ट पडदा, वरच्या कोपऱ्यात सी, दोन टिंबं आणि लुकलुकणारी रेघ. बायको बराच वेळ बघत राहिली. ‘अहो, आमच्या बँकेत पंचाण्णव साली हेच होतं. तुम्हाला जुना नाही ना दिला?’

मी पेनड्राइव्ह लावला. कोणती कळ दाबली की पेनड्राइव्हवरून सुरू होतं, हे प्रत्येक कंपनीचं गुपित असतं. एफ२, एफ१०, एफ१२, एस्केप, एकामागून एक बडवत राहायचं आणि क्षण हुकला की पुन्हा सुरुवातीपासून. अखेर उबंटू उघडलं. ते दिसलं देखणं. ‘इन्स्टॉल’ दाबलं तर म्हणालं, डिस्कच नाही. काही तासांपूर्वी मी पाऊण लाखाच्या आसपास मोजून आलो होतो; डिस्क नाही म्हणजे काय? रात्री उशिरा उलगडा झाला. काही लॅपटॉपांत प्रोसेसर आणि डिस्क यांच्यामध्ये व्हीएमडी नावाचा एक मध्यस्थ असतो, तो कारखान्यातच चालू करून ठेवलेला असतो, आणि तो चालू असला की माझ्या पेनड्राइव्हवरच्या इन्स्टॉलरला पलीकडची डिस्क दिसत नव्हती. बायोसमध्ये चौथ्या पानावर तो बंद करायचा रकाना होता. त्याला शोधून काढल्याचा आनंद इतका झाला की मी पेढा खाल्ला. देवापुढचा.

इन्स्टॉल झालं. आणि वायफाय नव्हतं.

वायफाय मंद होतं, तुटत होतं, असलं काही नव्हे. वायफाय नावाची वस्तू जगात असते याचीच त्या लॅपटॉपला कल्पना नव्हती. सेटिंग उघडलं की तिथे लिहिलेलं, अडॅप्टर सापडला नाही. यावर उपाय म्हणजे ड्रायव्हर उतरवून घेणे. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागतं. इंटरनेटला वायफाय लागतं. रहिवासी दाखल्यासाठी रेशनकार्ड आणि रेशनकार्डासाठी रहिवासी दाखला मागणाऱ्या खिडक्यांसमोर माझं अर्धं आयुष्य गेलंय, त्यामुळे मी घाबरलो नाही. फक्त खिडकी बदलली. लॅनची वायर लावू म्हटलं, तर लॅपटॉप इतका पातळ की त्या वायरीचं भोकच त्याला नव्हतं. शेवटी फोन यूएसबी केबलने जोडून फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं. हे चालतं, कुठल्याही लिनक्सवर चालतं, आणि अडल्यानडल्याला हाच मार्ग आहे. मी मात्र तो पुढे कितीतरी दिवस रोजच वापरला. पाच फुटांवर राउटर लुकलुकतोय, आणि मी फोन लॅपटॉपच्या शेपटीला बांधून बसलोय.

बाकीचा पंचनामा थोडक्यात. आवाज: हेडफोन लावला तर येई, स्पीकरमधून नाही; स्पीकरमागच्या इवल्याशा अँप्लिफायरला वेगळं फर्मवेअर लागतं, ते नव्हतं. कॅमेरा: काळोख. बोट टेकवायची जागा: बोट टेकवायला उत्तम. बोट टेकवून होणार काहीच नव्हतं, पण सवय म्हणून मी टेकवायचो.

एकच गोष्ट कुरकुर न करता चालली ती म्हणजे मराठी. कीबोर्डच्या यादीत मराठी निवडलं, इन्स्क्रिप्ट सुरू. काहीही उतरवायला नको, विकत घ्यायला नको. जोडाक्षरं जागच्या जागी. त्या लॅपटॉपवरून मी कुणाशी बोलू शकत नव्हतो, कुणाला दिसू शकत नव्हतो, पण माझ्या हालअपेष्टा शुद्ध मराठीत लिहून ठेवायची सोय होती.

मग मी उपचार सुरू केले. काळ्या खिडकीत टाइप करायच्या आज्ञा मिळतील तिथून उतरवून घेतल्या. प्रत्येकीची सुरुवात ‘सुडो’ने. सुडो म्हणजे सर्वाधिकार माझ्याकडे आहेत असं यंत्राला सांगणं. आपण काय करतोय हे ठाऊक असलेल्या माणसासाठी ते ठेवलेलं आहे. मी ते देवाचं नाव घ्यावं तसं प्रत्येक ओळीआधी घेत गेलो. एका संध्याकाळी एका ओळीनंतर सिस्टिम उघडेनाशी झाली. पुन्हा इन्स्टॉल. पुढे पुढे इन्स्टॉल करण्यात इतका हात बसला की ‘तुमचा वेळविभाग निवडा’ असं आलं की मी न बघता कोलकाता निवडायचो.

अशात वाचनालयाच्या चिटणीसांचा फोन आला. लोकलमधल्या कुणीतरी माझं नाव सुचवलं होतं. बहुधा मला गाडीबाहेर बोलायला जागा मिळावी म्हणून. ज्येष्ठ नागरिकांसमोर तासभर व्याख्यान, विषय ‘संगणकाचं स्वातंत्र्य’. मी उत्साहाने स्लाइड केल्या. निघताना लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि तो पिशवीत टाकला.

इथे थोडं तांत्रिक सांगायला हवं, कारण झाकणाचा विषय लोक हसण्यावारी नेतात. जुने लॅपटॉप मिटले की खरंच झोपत. तात्पुरती स्मृती सोडून बाकी सगळ्यांची वीज तोडली जाई. नव्या पिढीतले बरेच लॅपटॉप फोनसारखे अर्धवट जागे राहतात, म्हणजे झाकण उघडताच क्षणात हजर. त्यासाठी आतल्या प्रत्येक चिपने आपापली झोप घ्यावी लागते. एकीचा जरी ड्रायव्हर धड नसला तरी ती जागी राहते आणि तिच्यामुळे सगळं घर जागं राहतं. माझ्या लॅपटॉपात तर निम्म्या चिपांना आपण कोण आहोत हेच माहीत नव्हतं. वाचनालयात पोचेपर्यंत पिशवी इतकी गरम झाली की शेजारच्या आजोबांनी डबा आणलाय का म्हणून विचारलं. बाहेर काढला तेव्हा बॅटरी संपलेली. चार्जर घरी, टेबलावर, फोनच्या केबलशेजारी.

चिटणीस सज्जन. त्यांनी आपला लॅपटॉप दिला. विंडोजचा. पेनड्राइव्हवरून माझ्या स्लाइड उघडल्या, अक्षरं थोडी विस्कटली, पण निभावलं. मी स्वातंत्र्यावर बोललो, महासंगणकांवर बोललो, मंगळावर बोललो. शेवटी पहिल्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, ‘आम्हाला उगाच अवघड वाटत होतं हो हे लिनक्स. हे तर अगदी आमच्या विंडोजसारखंच दिसतंय की!’

‘तेच तर मी सांगतोय,’ मी म्हणालो. टाळ्या पडल्या. श्रीफळ मिळालं.

पुढच्या शनिवारी हिंजवडीहून भाचा आला. तो दिवसभर लिनक्सवरच काम करतो, पण त्याबद्दल कधी बोलत नाही. हे लक्षण मी आधीच ओळखायला हवं होतं. लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याने एलएसपीसीआय असं काहीतरी टाइप केलं. आतल्या चिपांची नावानिशी यादी आली. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, ‘मामा, ही वायफाय चिप तुझ्या कर्नलपेक्षा लहान आहे.’

म्हणजे असं. विंडोजसाठी ड्रायव्हर बहुतेक वेळा चिप करणारी कंपनी लिहिते आणि लॅपटॉपबरोबर देते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच राहतात, आणि कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवं निघतं. कंपनीने माहिती दिली, कुणी ड्रायव्हर लिहिला, तो तपासून आत घेतला, की मग पुढच्या आवृत्तीपासून ती चिप चालते. माझ्या पेनड्राइव्हवरच्या उबंटूत ६.८ क्रमांकाचं कर्नल होतं, २०२४च्या मार्चमधलं. लॅपटॉप २०२५चा. जन्मच न झालेल्या चिपेला त्या कर्नलने ओळखायचं कुठून? सगळ्या कंपन्या माहिती खुशीने देतात असंही नाही. २०१२ साली फिनलंडमध्ये विद्यार्थ्यांसमोर बोलताना खुद्द टोरवाल्ड्सने याच कारणावरून एनव्हिडियाच्या नावाने कॅमेऱ्याला मधलं बोट दाखवलं होतं. त्या कंपनीने आपल्या कर्नल-ड्रायव्हरचा स्रोत २०२२ साली खुला केला. बोटाचा उपयोग झाला की काळाचा, ते ज्याने त्याने ठरवावं. माझ्या लॅपटॉपवर तरी बोटाचा उपयोग होत नाही.

‘पण मंगळावर चालतं ना!’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘मामा, त्या हेलिकॉप्टरात स्नॅपड्रॅगन ८०१ होता. २०१४च्या फोनमधला प्रोसेसर. नासाने मुरलेला माल घेतला. तुझ्यासारखा यंदाचा नाही.’

एवढं महत्त्वाचं कलम माझ्या व्याख्यानात राहून गेलं होतं.

‘दुकानात पेनड्राइव्ह लावून बघितलास का?’ त्याने विचारलं.

‘खिशात होता.’

‘मग?’

‘अरे, चहा दिला होता त्याने.’

भाच्याने यावर काहीच म्हटलं नाही. आयटीतली मुलं संयमी असतात. त्याने त्याच उबंटूची पुढची दुरुस्त आवृत्ती, २४.०४.३, उतरवली. नाव तेच, पण तिच्यात कर्नल ६.१४. वायफाय आलं. स्पीकर बोलू लागले. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू लागला, निदान बहुतेक वेळा. कॅमेरा नाही आला. नव्या पातळ लॅपटॉपांतल्या काही कॅमेऱ्यांचं चित्र थेट प्रोसेसरमध्ये शिजतं आणि ती पाककृती लिनक्सवर अजून नीट उतरलेली नाही, असं तो म्हणाला. बोटाच्या चिपेसाठी ड्रायव्हरच कुणी लिहिलेला नव्हता. वायफायचं कार्ड बदलून टाकू म्हटलं होतं, तर ते बोर्डावरच डाग देऊन बसवलेलं. जुन्या जाड लॅपटॉपांत ते एका स्क्रूवर निघतं.

मधल्या काळात मी दुकानदाराकडेही जाऊन आलो होतो. ‘साहेब, विंडोज टाकून आणा. त्यात नाही चाललं तर बदलून देतो,’ तो म्हणाला. तक्रारीला कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. यंत्र धडधाकट होतं. त्याने पुन्हा चहा मागवला. तोही मी प्यालो.

शेवटी दुसरा लॅपटॉप घेतला, आणि तो जुना. भाच्याचं म्हणणं असं की मोठ्या कंपन्या नोकरांसाठी भाड्याने घेतात ते थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक तीन-चार वर्षांनी बाजारात येतात, ते बघ. एकाच मॉडेलचे हजारो नग जगभर असतात, कर्नल लिहिणारी मंडळी स्वतः तेच वापरतात, त्यामुळे त्यांच्यातल्या खोडी केव्हाच निघून गेलेल्या असतात. लेनोवोने तर २०२०पासून काही थिंकपॅड फेडोरा हे लिनक्स घालूनच विकले. थिंकपॅडचं रूप १९९२पासून फारसं बदललेलं नाही. रिखार्ड झापर या जर्मन डिझायनरने ते जपानी जेवणाच्या डब्यावरून घेतलं: काळा ठोकळा, मध्ये लाल टिकली. बायको म्हणाली, ‘याला कुंकू वाहायला नको, आलाय लावून.’

या खेपेला मी घराण्याची रीत मोडली. दुकानात शिरताच पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. दुकानदार ‘जरूर लावा’ म्हणाला, वर स्वतःच एफ१२ दाबून दिलं. वायफायची चिप कोणत्या कंपनीची ते खोक्यावर नव्हे, एलएसपीसीआयच्या यादीत बघितलं. गाणं लावलं. कॅमेऱ्यात माझा चेहरा दिसला. तो पडद्यावर पाहून इतका आनंद मला याआधी कधी झाला नव्हता. मग झाकण मिटलं आणि त्याला म्हटलं, ‘आता चहा मागवा.’ चहा संपेपर्यंत लॅपटॉप थंड राहिला पाहिजे आणि उघडल्यावर जागा झाला पाहिजे, ही चाचणी सगळ्यांत महत्त्वाची. चहा तिच्यापुरताच घ्यावा. या लेखातलं हे एवढं वाक्य कापून ठेवलंत तरी चालेल.

हा लेख त्याच ठोकळ्यावर लिहिला. लोकलमध्ये मी आता खिडकीबाहेर बघतो. परवा तर कुणीतरी स्वतः होऊन विचारलं, ‘काय म्हणतोय तुमचा मंगळ?’ मी म्हटलं, बरा आहे.

आता मुद्द्याचं. तो रुपेरी लॅपटॉप विकायचा आहे. २०२५चा, वजनाला हलका, ओरखडा नाही, हळदकुंकवाचा डाग पुसला आहे. विंडोज ११ त्यात पहिल्या झटक्यात बसतं. कॅमेरा, बोट, सगळं चालतं, भाच्याने टाकून खात्री केली आहे. परवान्याचे पैसे घेणाऱ्याने वेगळे भरायचे. पक्कं बिल आहे, वॉरंटी बरीच उरली आहे. डोंबिवली पूर्वेला येऊन बघून जावं, येताना आपला पेनड्राइव्ह आणावा. चहा व्यवहार झाल्यावर मिळेल.